भांबुर्डे कुठे गेले?

आमच्या दिंद्रुडचा माणूस घरातून निघताना ‘पुण्याला चाललो’ असे सांगतो. परंतु कसबा, शनिवार, बुधवार ही जी पेठांची वस्ती पुणे म्हणून इतिहासात प्रसिद्ध आहे, तिथे तो क्वचितच मुक्कामाला जातो. त्याला काम मिळते भोसरी-आकुर्डीच्या कारखान्यात, आणि खोली मिळते चिखलीला, वाघोलीला किंवा फुरसुंगीला. मराठवाड्याच्या एस. टी. गाड्या वर्षानुवर्षे ज्या शिवाजीनगर स्थानकात लागत, तेही मूळचे पुणे नव्हे. मेट्रोच्या कामासाठी ते स्थानक जिथे हलवले गेले, ती वाकडेवाडी तर नावाप्रमाणे वाडीच. म्हणजे आमच्या माजलगाव तालुक्यातला माणूस एका गावातून उठतो आणि दुसऱ्या गावात जाऊन राहतो. मधल्या काळात ते दुसरे गाव शहर झालेले असते, एवढेच.

या दुसऱ्या गावाचा इतिहास आपल्याला कोणी सांगत नाही. शहराचा इतिहास म्हटला की राजे, पेशवे, लढाया, वाडे आणि पुतळे एवढ्यावर आपली पुस्तके थांबतात. शहराने पोटात घेतलेल्या गावांचे काय झाले, तिथल्या कुळवाड्याचे, बलुतेदाराचे, महारवाड्याचे काय झाले, हा प्रश्न परीक्षेत येत नाही आणि म्हणून तो आपल्या मनातही येत नाही. प्रस्तुत लेखात मला एवढेच मांडायचे आहे की, गाव शहरात जाणे ही शोक करण्यासारखी गोष्ट नाही; परंतु ते जाताना ज्यांच्या नावावर जमीन होती त्यांच्याशीच हिशेब झाला आणि बाकीचे गाव हिशेबाबाहेर राहिले. आणि ज्याचा हिशेब झाला नाही, त्याचा इतिहासही लिहिला गेला नाही.

उदाहरणादाखल शिवाजीनगरच घेऊ. आज पुण्याच्या मध्यभागी असलेल्या या भागाचे जुने नाव भांबुर्डे. मुठा नदीच्या अलीकडे पुणे कसबा आणि पलीकडे भांबुर्डे, अशी ही दोन शेजारची गावे होती. जंगली महाराज रस्त्यावर आज दुकानांच्या आणि हॉटेलांच्या रांगेत पाताळेश्वराचे लेणे आहे. एकाच खडकात कोरलेले हे शिवमंदिर आठव्या शतकाच्या सुमाराचे, म्हणजे राष्ट्रकूटांच्या काळातले मानतात. त्याच शतकातील राष्ट्रकूटांच्या ताम्रपटांत पुण्याचा उल्लेख येतो. तेव्हा नदीच्या दोन्ही काठांवरच्या खुणा सारख्याच जुन्या आहेत. एक गाव पुढे शहर झाले आणि दुसरे त्या शहराचा भाग झाले, हे नशीब नंतरचे.

पेशवाईत पुणे वाढले तरी भांबुर्डे वेगळेच राहिले. पानिपतानंतर, १७६१ च्या सुमारास, मुठेवर लाकडी पूल झाला आणि पेठांतून पलीकडे जायला वाट झाली. पुढे इंग्रजी अमदानीत १८५८ साली मुंबईकडची आगगाडी पुण्यास पोहोचली. ती भांबुर्ड्याच्या शिवारातून गेली; तिथल्या स्टेशनचेही जुने नाव भांबुर्डाच होते. त्यानंतर शहराला ज्या ज्या गोष्टीसाठी मोकळी जागा हवी झाली, ती ती गोष्ट नदीपलीकडे येऊ लागली. १८८५ साली स्थापन झालेले फर्ग्युसन महाविद्यालय दहा वर्षांनी टेकडीच्या पायथ्याच्या आजच्या जागी आले. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात शेतकी महाविद्यालय आले. त्याच्या पाठोपाठ बंगले आले, वसतिगृहे आली, सरकारी कचेऱ्या आल्या. आपण कला शाखेच्या विद्यार्थ्यांनी ज्या संस्थांची नावे आदराने घ्यावीत, त्यांतल्या अनेक संस्था कुणाच्या तरी ज्वारी-बाजरीच्या रानात उभ्या आहेत, याचा आपण फारसा विचार करीत नाही.

१९२८ साली भांबुर्ड्यात शिवाजी महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्याचे अनावरण झाले. या स्मारकाचा संकल्प कोल्हापूरच्या शाहू महाराजांचा. १९२२ साली त्यांचे निधन झाल्यावर राजाराम महाराजांनी तो तडीस नेला. शिल्पकार होते विनायकराव करमरकर. पुढे भांबुर्ड्याचे शिवाजीनगर झाले. या नावाबद्दल कुणाचीही तक्रार असण्याचे कारण नाही. परंतु नाव बदलले आणि पन्नास वर्षांत गाव विस्मरणात गेले, हेही खरे. १९५० साली पुणे शहर आणि पुणे उपनगर या दोन नगरपालिका एकत्र होऊन महानगरपालिका झाली. १९६१ च्या १२ जुलैला पानशेतचे धरण फुटले, नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या, आणि पूरग्रस्तांसाठी गोखलेनगरसारख्या वसाहती उभ्या राहिल्या. नदीपलीकडे जाण्याचा शहराचा वेग त्यानंतर अधिकच वाढला.

गंमत अशी की भांबुर्डे पुरते मेलेले नाही. शिवाजीनगरातल्या एखाद्या इमारतीचे खरेदीखत पाहिले तर त्यात आजही ‘मौजे भांबुर्डा’ असे शब्द सापडतात. रोकडोबाचे देऊळ आहे, त्याच्याभोवती गावठाणाचे बोळ आहेत. ज्यांच्या नावाने आज मोठा रस्ता आहे ते जंगली महाराज या भांबुर्ड्यातच राहिले आणि १८९० साली तिथेच समाधिस्थ झाले. आषाढीच्या वारीत पालख्या याच वाटेने शहरात येतात. टेकडीच्या बाजूला वडारवाडी आहे. शहराच्या इमारतींना दगड लागला, तो फोडणारे हात कोणाचे होते, हे त्या वस्तीचे नावच सांगते. तेव्हा जमिनीच्या दप्तरात, देवळात आणि वस्त्यांच्या नावांत गाव शिल्लक आहे. शिल्लक नाही ते लोकांच्या बोलण्यात आणि पुस्तकात.

आता हे गाव शहरात गेले म्हणजे नेमके काय झाले, हे नीट समजून घेतले पाहिजे. आपल्याकडे गावाचे दोन भाग मानतात : पांढरी आणि काळी. पांढरी म्हणजे वस्तीची जागा आणि काळी म्हणजे पिकाची जमीन. त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गावगाडा’ हा ग्रंथ १९१५ सालचा. गाव कसे चालत असे ते ज्यांना पाहायचे असेल त्यांनी तो अवश्य वाचावा. काळीत जे पिके त्यावर केवळ मालकाचा हक्क नसे. सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट, चांभार, मांग, महार या सर्वांचा त्यात बलुत्याचा वाटा असे. हा वाटा सातबाऱ्यावर चढत नसे. तो रिवाजाने मिळे. तो न्याय्य होता असे मी म्हणणार नाही. बलुत्यासाठी खळ्यावर जाऊन उभे राहणाऱ्याला कोणत्या शब्दांत बोलले जाई, हे आपल्या आजोबा-पणजोबांना विचारावे. परंतु तो वाटा होता, आणि बिनजमिनीच्या घरांचे पोट त्यावर चालत होते.

शहर येते तेव्हा ते प्रथम काळी घेते. पांढरी तशीच राहते. तिच्याभोवती इमारती उठतात आणि आतले बोळ आणखी अरुंद वाटू लागतात. काळी विकली की पैसा ज्याच्या नावावर जमीन आहे त्याच्या हाती जातो. सरकारने संपादन केली तरी मोबदला त्यालाच. पिकातला वाटा मात्र पिकाबरोबरच संपतो, आणि त्याचा मोबदला मागावा असे कोणतेही कलम नसते. सुताराचा नांगर गेला, लोहाराची पास गेली, चांभाराची मोट तर विजेच्या पंपाने आधीच गेली होती. महार वतने कायद्याने १९५८ साली रद्द झाली. त्या जमिनी नव्या शर्तीने वतनदारांकडे आल्या आणि जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीवाचून त्या विकता येत नव्हत्या. तरीही शहरालगतच्या गावांतून अशा जमिनी पुढे कुणाकडे गेल्या, हा आजही मोठा वादाचा प्रश्न आहे. गावाचा इतिहास लिहिणाराने सर्वांत आधी विचारावा असा हा प्रश्न आहे; आणि तोच विचारला जात नाही.

यावर आपल्यातले काही मित्र म्हणतील, की पाहा, शहरांनी आमची सोन्यासारखी गावे बुडवली. हा सूर आपल्या वार्षिक अंकातल्या कवितांतही दर वर्षी असतो : पिंपळाचा पार, नदीचा घाट, आजीच्या गोष्टी, आणि मग सिमेंटचे जंगल. मला हा सूर मान्य नाही. गाव सोन्याचे कोणासाठी होते? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत खेड्यांच्या गौरवाचा अत्यंत कठोर शब्दांत समाचार घेतला होता. खेडे म्हणजे संकुचितपणाचे आणि अज्ञानाचे आगर, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता, आणि तो त्यांनी पुस्तकातून काढलेला नव्हता. ज्याला गावच्या आडावर पाणी भरता येत नव्हते, त्याला नगरपालिकेचा नळ आला म्हणून रडू येईल काय? ज्या बाईला वेशीतून जाताना पायातल्या चपला हातात घ्याव्या लागत, तिला गर्दीच्या रस्त्यावर कोणी ओळखत नाही हीच मोठी सोय वाटली असेल. शहराने गावाचा ओलावा नेला असे आपण म्हणतो; त्याबरोबर गावाची दहशतही काही अंशी नेली, हे म्हणायला आपण विसरतो.

तेव्हा गाव शहरात गेले याचे दुःख करीत बसण्यात अर्थ नाही. मात्र ते कसे गेले, याचा जाब विचारण्यात अर्थ आहे. आपल्या तालुक्यात सिंदफणेवर माजलगावचे धरण झाले. गोदावरीवर पैठणला जायकवाडी झाले. पाण्याखाली गेलेल्या गावांचे हाल आपल्या भागाला ठाऊक आहेत. तरीसुद्धा महाराष्ट्रात प्रकल्पामुळे विस्थापित होणाऱ्यांच्या पुनर्वसनाचा कायदा १९७६ साली झाला आणि पुढे त्यात सुधारणा होत गेल्या. तो नीट पाळला गेला की नाही हा भाग वेगळा, पण बुडालेले गाव हे एक गाव होते, त्याला पुन्हा गाव म्हणून कुठेतरी बसवले पाहिजे, एवढे तरी कायद्याने मानले. शहराच्या हद्दवाढीत गेलेल्या गावाच्या वाट्याला असे काही नाही. तिथे एक अधिसूचना निघते आणि गाव प्रभाग होतो. धरण एका पावसाळ्यात भरते. शहर तीस-चाळीस वर्षे घेऊन हळूहळू भरते. म्हणून ते बुडणे कोणाच्या डोळ्यांवर येत नाही.

हे सर्व जुने झाले असे कोणी समजू नये. पिंपरी, चिंचवड, भोसरी आणि आकुर्डी ही चार गावे मिळून १९७० साली नगरपालिका झाली, १९८२ साली महानगरपालिका झाली. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना स्थापन झाला, त्यानंतर कारखान्यांची रांग लागली आणि अवघ्या एका पिढीत गावांचे उद्योगनगर झाले. पुणे महापालिकेने १९९७ साली ३८ गावे हद्दीत घेतली. नंतर त्यांतली काही वगळली. २०१७ साली ११ गावे आणि २०२१ साली २३ गावे पुन्हा आत घेतली. प्रत्येक वेळी वाद झाला तो प्रामुख्याने पाणी कोण देणार, रस्ते कोण करणार आणि घरपट्टी किती वाढणार यावर. ते प्रश्न खरेच आहेत. परंतु गावचा म्हणून जो एक आवाज होता त्याचे काय, हा प्रश्न त्यांच्या खाली दबला.

उरुळी देवाची आणि फुरसुंगी ही दोन गावे पाहा. पुण्याचा कचरा या गावांच्या हद्दीत वर्षानुवर्षे जाऊन पडत होता. डोंगराएवढे ढीग झाले, विहिरींचे पाणी बिघडले, लोकांनी गाड्या अडवल्या, आंदोलने केली. शहराने या गावांना आपले म्हणण्याच्या कितीतरी आधी शहराचा कचरा तिथे पोहोचला होता. पुढे २०१७ साली ही गावे महापालिकेत आली. कर महापालिकेच्या दराने आणि पाणी टँकरचे, अशी तिथल्या लोकांची तक्रार राहिली. शेवटी २०२४ साली ही दोन्ही गावे महापालिकेतून वगळून त्यांची स्वतंत्र नगरपरिषद करण्यात आली. सात वर्षांत आत घेणे आणि बाहेर काढणे! शाळेच्या हजेरीपटावर मुलाचे नाव घालावे आणि खोडावे, तसे हे झाले.

इथे आणखी एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. ७३ व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून ग्रामसभेला घटनेचा आधार मिळाला. ग्रामसभेत काय चालते ते आपण सारे जाणतो. कोरम भरत नाही, सह्या घरोघर फिरवून घेतात. तरीही कायद्याने प्रत्येक मतदाराला तिथे उभे राहून सरपंचाला प्रश्न विचारता येतो. गाव महापालिकेत गेले की ही सभा संपते. तिच्या जागी एक नगरसेवक येतो. आणि पुणे महापालिकेची मुदत २०२२ च्या मार्चमध्ये संपल्यावर तीन वर्षांहून अधिक काळ निवडणूकच न झाल्यामुळे तोही नव्हता. कारभार प्रशासकाच्या हाती होता. म्हणजे २०२१ साली आत आलेल्या गावांना सरपंच गेला आणि नगरसेवक आला नाही, असा काळ काढावा लागला. लोकशाही ही दिल्ली-मुंबईला असते असे समजणाऱ्यांनी या गावांकडे पाहावे.

याउलट एक उदाहरण अवश्य सांगितले पाहिजे. हडपसरजवळच्या मगरपट्ट्यात सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी आपली सुमारे ४०० एकर जमीन बिल्डरांना तुकड्या-तुकड्यांनी न विकता एकत्र केली, स्वतःची कंपनी काढली आणि तिथे नवे नगर उभारले. शहर येणारच आहे, तर ते आपणच बांधू, असा हा विचार होता. ही गोष्ट मोठी आहे. देशभरातून लोक ती पाहायला येतात. परंतु तिथेही हिस्सा मिळाला तो जमिनीच्या प्रमाणात. ज्याच्याकडे जमीन नव्हती, तो या भागीदारीत कसा येणार? आपल्याकडचा सर्वांत चांगला प्रयोगही सातबाऱ्याच्या पलीकडे जाऊ शकला नाही, यावरून अडचण किती खोल आहे ते कळते.

हा प्रश्न केवळ पुण्याचा नाही. १९११ साली राजधानी दिल्लीला नेण्याचे ठरले आणि नवी दिल्ली बांधण्यासाठी रायसीना, मालचा अशा गावांची जमीन घेतली गेली. दिल्लीत महसुली नकाशावर गावठाणाभोवती जी लाल रेघ ओढली, तिच्यावरून अशा गावांना आजही लाल डोऱ्यातली गावे म्हणतात. मुंबईची हद्द १९५० साली अंधेरीपर्यंत आणि १९५७ साली दहिसर-मुलुंडपर्यंत गेली. तिथली गावठाणे आणि कोळीवाडे अजून आपल्या हद्दी आखून मागत आहेत. चीनमध्ये १९८० नंतर शेन्झेन हे शहर झपाट्याने वाढले. तिथे शेते गेली, पण गावठाणे गावकऱ्यांकडे राहिली, आणि त्यांनी एकमेकांना भिडतील अशा उंच इमारती बांधून त्या बाहेरून आलेल्या मजुरांना भाड्याने दिल्या. आपल्याकडे भोसरी, चिखली, वाघोलीला हेच दृश्य दिसते. जुन्या गावकऱ्याने घरावर मजले चढवले आणि दहा बाय दहाच्या खोल्या काढल्या. त्या खोल्यांतून बीडचा, परभणीचा, लातूरचा माणूस राहतो.

आणि इथेच हा विषय आपल्या दाराशी येतो. घरमालक म्हणतो, ‘आमचे गाव बाहेरच्यांनी भरले.’ भाडेकरू म्हणतो, ‘हे काय गाव आहे, आपले गाव तिकडे.’ एकाचे गाव हातातून गेले आहे, दुसऱ्याचे पाठीमागे राहिले आहे. दोघांनीही एकच गोष्ट गमावलेली असून ते एकमेकांकडे परके म्हणून पाहतात. माझे एक चुलते पंधरा वर्षे भोसरीत राहतात. ते ज्या गल्लीत राहतात, तिथे पूर्वी कशाचे पीक येत होते हे त्यांना माहीत नाही, आणि त्यांच्या घरमालकाला माजलगाव तालुका नकाशावर दाखवता येणार नाही. यात दोघांचाही दोष नाही. कोणीच कोणाला काही सांगितलेले नाही.

शहर गावाला दोन रीतींनी गिळते. जवळच्या गावाची जमीन घेऊन, आणि लांबच्या गावाची माणसे घेऊन. दिंद्रुड पुण्याच्या हद्दीत कधी येणार नाही. पण आपल्या भागातून दिवाळीच्या सुमारास उसतोडीला गाड्या निघतात. जी मुले शिकली ती कारखान्यात जातात, जी आणखी शिकली ती स्पर्धा परीक्षेसाठी सदाशिव पेठेत अभ्यासिकेची खुर्ची भाड्याने घेतात. यातले किती परत येतात? भांबुर्ड्याची काळी गेली आणि पांढरी राहिली. आपल्याकडे काळी आहे तिथे आहे, पांढरी रिकामी होत चालली आहे. रीत निराळी, पण शेवटी गावाची आठवण ठेवणारा कोणी उरत नाही, हे दोन्हीकडे सारखेच.

मराठवाड्याला तर हा धडा फार पूर्वीच मिळाला आहे. मलिक अंबरने १६१० साली ज्या ठिकाणी नगर वसवले, ते खडकी नावाचे खेडे होते. त्याच्या मुलाने त्याला फतेहनगर म्हटले, १६५३ साली औरंगजेबाने औरंगाबाद म्हटले, आणि २०२३ साली त्याचे छत्रपती संभाजीनगर झाले. या प्रत्येक नामांतराचा इतिहास आपण हिरिरीने सांगतो, त्यावर भांडतोही. पण खडकीत राहणारी माणसे कोण होती, याविषयी आपल्याला कुतूहल नाही. त्याच शहराने पुढे मुकुंदवाडी, चिकलठाणा, हर्सूल ही गावे पोटात घेतली. त्यांचा इतिहास लिहिण्यास तरी अजून वेळ गेलेली नाही, कारण त्या गावची शेती पाहिलेली माणसे हयात आहेत.

कोणी म्हणेल, हा जुन्या गोष्टींचा सोस कशाला? इतिहासाने पोट भरते काय? त्यांना एवढेच सांगतो, की २०२३ साली मराठवाड्यात निजामकाळातील कुणबी नोंदी शोधण्याचे काम सरकारने हाती घेतले, तेव्हा मोडी आणि उर्दू वाचता येणारी माणसे शोधावी लागली. गावोगावच्या लोकांनी शाळांची जुनी रजिस्टरे आणि तहसिलीची दप्तरे धुंडाळली. मागणी योग्य की अयोग्य हा वाद मी इथे आणत नाही. पण गावच्या जुन्या कागदावर माणसांचे आजचे भवितव्य कसे अवलंबून असते, हे त्या वेळी सर्वांनी पाहिले. ज्यांच्याजवळ कागद होता ते बोलू शकले. ज्यांच्याजवळ कागदच नव्हता, त्यांनी काय करायचे?

म्हणून माझी आपल्या प्राध्यापकांना आणि विद्यार्थी मित्रांना एक सूचना आहे. आपल्या महाविद्यालयात दर वर्षी प्रकल्प म्हणून जे कागद भरले जातात, त्यांतले बरेचसे एकमेकांचे उतरवलेले असतात, हे आपण उघडपणे मान्य करू या. त्याऐवजी प्रत्येकाने आपल्या गावाचा इतिहास लिहावा. तो शिवकाळापासून सुरू करण्याची गरज नाही. मराठवाड्यात १९५४ च्या सुमाराचे खासरा पत्रक आहे, गाव नकाशा आहे, फेरफाराच्या नोंदी आहेत. तेवढ्यावर सुरुवात होते. मग वावरांची नावे लिहावीत, कारण ट्रॅक्टर आल्यापासून ती नावे विसरली जात आहेत. आड आणि बारव किती होते, आणि कोणत्या आडावर कोणाला पाणी भरू देत नव्हते, तेही लिहावे. बलुते कोणाला किती मिळे, ते कधी बंद झाले, ते घर नंतर कुठे गेले, हे विचारावे. १९७२ च्या दुष्काळात कोण कोणत्या कामावर खडी फोडायला गेले ते विचारावे. आणि गाव सोडून गेलेल्यांची यादी करावी : कोणत्या साली, कोणत्या शहराला, कोणत्या खोलीवर.

हे काम करताना पाटलाच्या ओसरीवर बसून थांबू नये. तिथे माहिती भरपूर मिळते, चहाही मिळतो, आणि म्हणूनच आजवरचे बहुतेक गाव-इतिहास त्या ओसरीवर सुरू होऊन तिथेच संपले आहेत. त्यातून घराण्याची वंशावळ मिळेल, गाव मिळणार नाही. गावाच्या दुसऱ्या टोकाला जे घर आहे, ज्याच्या नावावर एक गुंठाही नाही, तिथल्या म्हातारीला पांढरीतल्या प्रत्येक घराचा आतला इतिहास माहीत असतो, कारण तिने त्या प्रत्येक घरी काम केलेले असते. तिला आजवर कोणी विचारलेले नाही.

भांबुर्ड्याच्या बाबतीत ही वेळ निघून गेली. जमीन कोणाकडून कोणाकडे गेली ते दप्तरात मिळेल, पण त्या जमिनीवर राबलेल्या बिनजमिनीच्या घरांचा माग आता लागणे कठीण आहे. वाघोली-फुरसुंगीची वेळ जाण्याच्या बेतात आहे. आपल्या गावांची वेळ अद्याप आहे. पुढच्या वर्षीच्या या अंकात कवितांची चार पाने कमी करून आपल्या दहा गावांचे असे दहा इतिहास छापता आले, तर संपादक मंडळाने त्याचा अवश्य विचार करावा. सुरुवात दिंद्रुडपासून करायला मी तयार आहे.